उजव्या सीटवरची बाई

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या भागातल्या रस्त्यांचं रूपच बदलतं. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, आणि मागे मोटारसायकली, टेम्पो, वडापच्या जीप यांची ही लांब रांग. या रांगेत आपल्यापैकी कितीतरी जणी असतात. कुणी आठवडी बाजाराला निघालेली, कुणी बँकेत, कुणी गटाचं लोणचं-पापड घेऊन प्रदर्शनाला. म्हणून आज आम्ही बचतीवर किंवा कर्जावर बोलणार नाही. पुढच्या गाडीला ओलांडून जाणं, म्हणजे ओव्हरटेक करणं, यावर बोलणार आहोत. आणि तेही एका खास गाडीतून. डाव्या बाजूला स्टेअरिंग असलेल्या जुन्या जीपमधून.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय गाडी चालवतो? चालवत नसाल, पण शेजारी बसता. आणि या जीपमध्ये शेजारी बसणारीलाच जास्त दिसतं. सगळा घोळ तिथंच आहे.

आधी ही गाडी आली कुठून ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सैन्यासाठी सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून त्यांच्या गाड्यांचं स्टेअरिंग डावीकडे. पुढे आपल्याकडे महिंद्र कंपनीने मुंबईत त्याच घराण्यातल्या जीप जोडायला आणि मग बनवायला सुरुवात केली, आणि डाव्या स्टेअरिंगच्या जीप आपल्या रस्त्यावर कित्येक वर्षं येत राहिल्या. मागच्या फळीवर इंग्रजीत ‘लेफ्ट हँड ड्राईव्ह’ असं रंगवलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते शोभेसाठी नव्हतं. ड्रायव्हर डावीकडे बसलेला असल्यामुळे त्याने उजवा हात काढून दाखवला तरी मागच्याला दिसत नाही, हे सांगण्यासाठी ते होतं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये कलम १२० आहे. डाव्या स्टेअरिंगची गाडी रस्त्यावर आणायची असेल, तर वळण्याचा इशारा देणारं साधन तिच्यावर चालू स्थितीत असलंच पाहिजे, असं ते सांगतं. तेव्हा अशा जीपमध्ये बसण्याआधी दोन्ही इंडिकेटर लागतात का, एवढं विचारायला लाजू नका. आपण कढईचं बूडसुद्धा वाजवून घेतो.

अशा जीप आता कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. कुणाच्या वाड्यात आजोबांच्या आठवणीसाठी राखलेली असते, कुणी हौसेने रंगवून वरातीत फिरवतो, तर कुणाची अजून शेतावर राबते. आमच्या गटाचा माल न्यायला येते ती अशीच एक. एका सदस्येच्या सासऱ्यांची. ते स्वतः चालवतात, सगळ्या त्यांना मामा म्हणतात. भाडं घेत नाहीत, आणि ते बरंच आहे, कारण खासगी नोंदणीच्या गाडीत भाड्याने माणसं बसवली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. पन्नास वर्षांपुढची गाडी कुणी २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली असेल, तर ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामापुरतीच रस्त्यावर आणायची असते. रोजच्या येण्याजाण्याला आणि धंद्याला ती चालत नाही. गाडीत बसण्याआधी हेही माहीत असलेलं बरं.

आता मुद्द्यावर येऊ. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. नेहमीच्या गाडीत ड्रायव्हर उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मधल्या बाजूला बसतो. पुढे उसाची ट्रॉली असली तर त्याला गाडी हात-दीड हात उजवीकडे घेतली की समोरचा रस्ता दिसतो. डाव्या स्टेअरिंगचा ड्रायव्हर साइडपट्टीच्या डोक्यावर बसलेला असतो. त्याच्यासमोर नुसती उसाची भिंत. त्याला पुढचं दिसायला हवं असेल, तर जवळजवळ सगळी जीप समोरून येणाऱ्यांच्या वाटेत काढावी लागते. म्हणजे दिसेपर्यंत तो धोक्यात शिरलेला असतो.

यावर पहिला उपाय फार साधा आहे, पण घाईच्या माणसाला तो उलटा वाटतो. मागे राहायचं. ट्रॉलीच्या शेपटीला चिकटून चाललं तर ट्रॉली सगळं आभाळ झाकते. तीच ट्रॉली चाळीस-पन्नास मीटर पुढे असेल तर तिच्या कडेने खूप जास्त रस्ता दिसतो. दाराच्या फटीला डोळा लावून आणि ओसरीवरून बघण्यात जो फरक आहे, त्याच्या उलट समजा. इथे लांबून जास्त दिसतं. मागे राहिलं की मधे एखादा मोटारसायकलवाला घुसेल. घुसू द्या.

दुसरं, वळणं. रस्ता डावीकडे वळत असेल, तर ट्रॉलीच्या डाव्या कडेने पुढचा रस्ता दिसतो, आणि तो डाव्या सीटवरच्या ड्रायव्हरला छान दिसतो. डाव्या स्टेअरिंगचा हा एक फायदा आहे. पण तिथून नुसतं बघून ठेवायचं. वळणावर ओलांडायचं नाही. वळण संपून सरळ रस्ता लागला, समोर खरंच मोकळं असलं, तर पुढचं. आणि हंगामाच्या सुरुवातीला रस्त्याच्या अगदी कडेपर्यंत पुरुषभर उंच ऊस उभा असतो, तेव्हा वळणावर हाही फायदा मिळत नाही. फड तुटले की मग रस्ता उघडतो. महिन्यापूर्वी जिथे दिसत नव्हतं तिथे आज दिसेल, आणि आज दिसतं तिथे पुढच्या वर्षी दिसणार नाही.

किती रस्ता मोकळा हवा? हा हिशेब आम्ही एका मासिक बैठकीत फळ्यावर मांडला, व्याजाच्या हिशेबासारखाच. ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरने चाललाय, जीप चाळीसने. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून सतरा-अठरा मीटर. मागे पंधरा मीटर अंतर, पुढे गेल्यावर परत डावीकडे यायला वीस मीटर, आणि जीपची स्वतःची लांबी. सगळं मिळून सत्तावन्न मीटर झाले. दोघांच्या वेगातला फरक वीसचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. तेव्हा ओलांडायला साधारण दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत जीप एकशेदहा मीटर पुढे जाते. आणि समोरून साठच्या वेगाने येणारी एसटी तेवढ्याच वेळात एकशेसत्तर मीटर जवळ येते. बेरीज केली तर दोनशेऐंशी. हे नुसतं टेकायला. सुटकेला जागा ठेवायची तर चारशे मीटर तरी मोकळे दिसायला हवेत. आणि हा हिशेब जीप आधीच चाळीसवर आहे असं धरून केलाय. ट्रॅक्टरच्या मागे वीसवर रखडलेली, आठ बाया आणि डबे भरलेली जुनी जीप चाळीसवर यायलाच किती वेळ घेते ते तुम्ही पाहिलंय.

चारशे मीटर म्हणजे किती, हे डोळ्याला कळत नाही. म्हणून तुमच्या गावाच्या रस्त्यावर एकदा चालून बघा. बाईमाणसाच्या चालीने साधारण सहाशे-साडेसहाशे पावलं होतात. मारुतीच्या देवळापासून पुलापर्यंत, दूध संघाच्या डेअरीपासून बोअरच्या पंपापर्यंत, अशी एखादी खूण मनात ठेवा. मग गाडीत बसल्यावर ‘एवढं’ म्हणजे किती ते आपोआप समजतं. आमच्या गटातल्या बायांनी खूण धरली तेव्हा अंतर ऐकून त्यांना नवल वाटलं. त्यांना वाटत होतं त्याच्या दुप्पट निघालं.

आता आम्हाला ज्यासाठी ही सगळी गोष्ट सांगायची आहे ते. अशा जीपमध्ये ड्रायव्हर उजव्या सीटवरच्या माणसाला विचारतो. त्याला दिसत नाही, शेजारच्याला दिसतं, म्हणून विचारणं साहजिक आहे. पण काय विचारतो आणि आपण काय उत्तर देतो, ते नीट ऐका.

तो विचारतो, “येतंय का काय, वहिनी?” समोर काही नसेल तर आपण म्हणतो, “न्हाय.” म्हणजे रस्ता मोकळा, जा.

दुसऱ्या वेळी तोच विचारतो, “जाऊ का, वहिनी?” समोरून टेम्पो येत असेल तर आपण म्हणतो, “न्हाय.” म्हणजे जाऊ नका.

शब्द एकच. एकदा त्याचा अर्थ जा, एकदा त्याचा अर्थ थांबा. वर इंजिनाची घरघर, हूडची फडफड, मागच्या बायांच्या गप्पा. प्रश्न अर्धा ऐकू आला की उत्तर उलटं पोचतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाच्या बायांनी अशीच हकिकत सांगितली. विचारलं होतं “जाऊ का”, बाई म्हणाली “न्हाय”, आणि ड्रायव्हरने “येतंय का”चं उत्तर समजून जीप बाहेर काढली. समोरच्या टेम्पोवाल्याने शेतात चाक घातलं म्हणून निभावलं. मागे लोणच्याच्या बरण्या फुटल्या, एकीचा हात मोडला. आणि गावात बोलणं कुणाला बसलं? त्या बाईला. “तीच म्हणाली जा.” ती तसं म्हणालीच नव्हती.

यावर आमच्या गटांत बरीच चर्चा झाली. काही जणी म्हणाल्या, मग बोलायचंच नाही, त्याची गाडी, तो बघेल. पण त्याला दिसत नाही हेच तर दुखणं आहे. न बोलणं हाही एक निरोप होतो. बाई गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं तो धरून चालतो. तेव्हा बोलायचं, पण ठरवून. मामांना समोर बसवून आम्ही असं ठरवलं.

“नाही” आणि “हो” हे दोन्ही शब्द गाडीत ओव्हरटेकसाठी वापरायचे नाहीत. शब्द दोनच, कानाला अगदी वेगळे लागणारे. “थांबा” आणि “मोकळा”. मोकळा म्हणजे ठरवलेल्या खुणेएवढा रस्ता रिकामा दिसतोय. चढाचा माथा नाही, पूल नाही, वळण नाही. यातलं एकही असेल, धुरळा असेल, डोळ्यावर ऊन असेल, काहीही शंका असेल, तर “थांबा”. नीट दिसत नाही हेसुद्धा “थांबा”च.

“जा” म्हणायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. बाई सांगणार ते फक्त तिला दिसतं ते. जायचं की नाही हे स्टेअरिंग ज्याच्या हातात आहे त्याने ठरवायचं. गाडीला ओढ किती आहे, गिअर कुठला आहे, ब्रेक कसे आहेत हे त्यालाच माहीत. “मोकळा” ऐकल्यावर मामा इंडिकेटर देतात, जीप थोडी उजवीकडे घेतात आणि स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघतात. तेव्हाच पुढे. एकाला तरी पटलं नाही तर दोघंही मागे. आणि “थांबा” आलं की “का, काय झालं” विचारायचं नाही, आधी मागे व्हायचं. बायकोने, सुनेने किंवा परक्या बाईने थांब म्हटलेलं ऐकणं काही पुरुषांना जड जातं. मामांनाही पहिले काही दिवस जड गेलं, हे ते स्वतःच हसत सांगतात. एका ड्रायव्हरने मात्र आम्हाला सरळ सांगितलं, “बाईच्या सांगण्यावर मी गाडी चालवत नाही.” त्याच्या गाडीतून आम्ही माल पाठवणं बंद केलं. तेवढं आपल्या हातात असतं.

उजव्या सीटवर बसणाऱ्या बाईने काय काय बघायचं, तेही सांगतो. एक गाडी गेली म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही. ट्रकच्या मागे मोटारसायकल लपलेली असते. शेवटचं वाहन जाऊन मागचा रस्ता दिसेपर्यंत “मोकळा” म्हणायचं नाही. मोटारसायकलचा एकच दिवा असतो. संध्याकाळी तो लांब आहे की जवळ, याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. तिन्हीसांजेनंतर आम्ही ओव्हरटेकला “मोकळा” म्हणतच नाही. मागे दिवा नसलेली बैलगाडी, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली, कडेला बसलेले तोडकरी, काहीच दिसत नाही. उशीर झाला तर झाला.

त्याहून फसवं म्हणजे ट्रॅक्टरचं उजवीकडे वळणं. रस्ता मोकळा, जीप ओलांडायला निघाली, आणि ट्रॅक्टर इशारा न देता उजव्या पाणंदीत वळला. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने लावलेली असतात की हॉर्न ऐकू जात नाही. म्हणून उजव्या बाजूला पाणंद, फडाची वाट, वजनकाटा किंवा पेट्रोलपंप दिसला की “थांबा”. ट्रॅक्टर विनाकारण हळू झाला, ड्रायव्हरने मान वळवून मागे पाहिलं, तरी “थांबा”. आपल्या शिवारातल्या पाणंदी कुठे आहेत, हे पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त माहीत असतं. खुरपायला आणि गवताला आपणच जातो.

ओलांडत असताना आणखी एक. डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला आपली उजवी चाकं कुठे आहेत ते नीट कळत नाही. ट्रॉलीपासून जपताना तो जास्त उजवीकडे जातो, आणि तिकडची साइडपट्टी खचलेली असते. अशा वेळी “कड आली” एवढंच मोठ्याने म्हणायचं. परत डावीकडे येताना मात्र त्याची जागा चांगली. ट्रॅक्टरचं तोंड त्याच्या शेजारीच असतं. तरी डाव्या आरशात ट्रॅक्टरचं अख्खं तोंड दिसल्याशिवाय आत घ्यायचं नाही. घाईने आत घेतलं तर मागच्या दोन भरलेल्या ट्रॉल्यांना ब्रेक लागत नाही.

जुन्या जीपला उजव्या बाजूचा आरसा कित्येकदा नसतोच. तो बसवून घ्यायला सांगा. मागून भरधाव येणारा त्याच वेळी आपल्याला ओलांडत असतो, ते त्यातच दिसतं. पावसाळ्यात उजवीकडच्या प्लॅस्टिकच्या खिडकीवर चिखल चढतो, तिथे ओलं फडकं जवळ ठेवा. या जीपना चारी चाकांना ड्रम ब्रेक असतात. ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली की थोडा वेळ ते नीट धरत नाहीत, तेव्हा ओव्हरटेकचा विचारही नको.

उजव्या सीटवर कुणी बसायचं यालाही आम्ही नियम केला. जिची नजर चांगली ती. चष्मा असेल तर लावून. मांडीवर मूल घेतलेली नाही, कारण तिचं लक्ष मुलाकडे असतं, आणि जीपला दार नसतं. मोबाइल पिशवीत. पदर खोचलेला. परतीच्या वाटेवर दुसरी बसते, कारण दिवसभर बाजार करून आलेल्या बाईचे डोळे मिटायला लागतात आणि तिला ते कळतही नाही. मानाची जागा म्हणून सासूबाईंना किंवा अध्यक्षांना पुढे बसवायची पद्धत आहे, ती या जीपपुरती सोडली. एक-दोघी रुसल्या. मागे बसायला लागल्या तेव्हा मागेच जास्त गप्पा होतात, हे त्यांना कळलं.

मैत्रिणींनो, उतरतानाही लक्ष ठेवा. नेहमीच्या गाडीतून पुढची बाई डावीकडे, कडेला उतरते. या जीपमधून ती उजवीकडे, म्हणजे थेट वाहत्या रस्त्यात उतरते. सवयीने पाय टाकला आणि मागून मोटारसायकल आली तर सांगायला नको. आम्ही मामांना जीप रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यायला लावतो. आधी मामा डावीकडे उतरतात, मग पुढची बाई सरकून त्यांच्याच बाजूने. गिअरचा दांडा मधे येतो, नऊवारीत जरा कसरत होते, पण जमतं. मागच्या सगळ्या मागच्या फळीवरून.

हे ऐकून समजत नाही, बसून समजतं. पुढच्या बैठकीला एक भरलेली ट्रॉली आणि एक डाव्या स्टेअरिंगची जीप मोकळ्या मैदानात, बंद इंजिनाने, एकामागे एक उभी करा. प्रत्येकीने आधी ड्रायव्हरच्या जागी बसायचं आणि समोर काय दिसतं ते सांगायचं. मग उजव्या सीटवर. दरम्यान एकीने सायकल घेऊन समोरून यायचं. मग जीप चाळीस पावलं मागे ढकलून पुन्हा तेच. गावातल्या ड्रायव्हर मंडळींनाही बोलवा, आणि त्यांना उजव्या सीटवर बसवून “थांबा” म्हणायला लावा. आमच्याकडे ढकलायला सहा जणी लागल्या.